लहान चाक नीट बांधले, तर मोठ्याहून मजबूत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सायकलींवरच्या लेखात रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून रेलून चालवायच्या सायकलीचा उल्लेख वाचून आनंद झाला; परंतु तिची लहान चाके आपल्या रस्त्यांवर टिकत नाहीत, हे त्यातील विधान मला मान्य नाही. मणक्याच्या दुखण्यामुळे गेली सात वर्षे मी अशीच सायकल चालवतो. तिचे पुढचे चाक वीस इंची आणि मागचे सव्वीस इंची आहे. त्याआधी तीस वर्षे पिंपरीच्या एका कारखान्यात फिटरचे काम केल्यामुळे एखादी वस्तू मोडली, की ती नेमकी कुठून आणि का मोडली, हे पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

नेहमीच्या सायकलीच्या मोठ्या (28 इंची, म्हणजे 700सी) चाकाची तार, म्हणजे स्पोक, साधारण 29 सेंटीमीटर लांब असते, तर वीस इंची चाकाची जेमतेम 18-19 सेंटीमीटर. दोन्ही चाकांच्या हबची, म्हणजे मधल्या तुंब्याची, रुंदी मात्र जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे लहान चाकाच्या तारा रिमला दोन्ही बाजूंनी अधिक तिरक्या कोनात धरून ठेवतात आणि आडव्या धक्क्याला ते चाक अधिक ताठ राहते. पुढे दोन चाके असलेल्या तीनचाकी रिकम्बंटला याचा विशेष उपयोग होतो, कारण ती वळणावर दुचाकीसारखी कलत नाही आणि वळणाचा सगळा आडवा भार चाकांवरच येतो.

मग लहान चाके मोडतात, ही तक्रार कुठून येते? माझाच अनुभव सांगतो. पहिल्याच पावसाळ्यात एका खड्ड्यात पुढची रिम वाकली आणि मी शहरातील एका दुकानात चाक नव्याने बांधून घेतले. माझा हब डायनॅमोचा (दिव्यासाठी वीज बनवणारा), म्हणजे मोठ्या फ्लँजचा (तारा अडकवायच्या कडेचा) आहे. दुकानदाराने मजबुतीच्या सद्हेतूने 13 गेजच्या जाड 36 तारा घातल्या आणि मोठ्या चाकात घालतात तसाच तीन क्रॉसचा (प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना ओलांडते असा) विणकाम-प्रकार वापरला. दोन महिन्यांनी कात्रज घाटात एक तार तुटली, आणि पुढच्या पंधरा दिवसांत आणखी दोन. तार बहुधा हबपाशी, कोपरासारख्या वाकलेल्या जागी तुटते. माझ्या तिन्ही तारा मात्र रिमपाशी, निपलच्या (तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) आट्यांत तुटल्या होत्या. तुटका तुकडा उजेडात धरला, तेव्हा आटे जिथे सुरू होतात तिथेच तार स्पष्ट वाकलेली दिसली.

मोठा फ्लँज, लहान रिम आणि तीन क्रॉस हे तिन्ही एकत्र आले, की तार रिममध्ये सरळ न शिरता बरीच तिरकी शिरते. निपल तेवढे वळू शकत नाही, म्हणून तार स्वतःच वाकते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी थोडी थोडी हलते. लोखंडाची पट्टी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाकवली तर ती तुटणारच. त्यातून तार जाड असेल, तर ती स्वतः लवत नाही आणि सगळा ताण त्या एका बिंदूवर लोटते. म्हणजे मजबुतीसाठी केलेल्या उपायानेच चाक दुबळे झाले होते.

पुढे मी हे चाक स्वतः बांधले. हब तोच ठेवला, रिम दुहेरी भिंतीची घेतली, आणि टोकांना 2 मिलिमीटर व मधे 1.8 मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारा एकच क्रॉस घेऊन विणल्या. मधे बारीक असलेली तार ताणाखाली किंचित अधिक लांबते. त्यामुळे खड्ड्यात रिम दबली तरी तार एकदम सैल पडत नाही आणि धक्का शेजारच्या तारांमध्ये वाटला जातो. निपल पितळेचे वापरले, कारण कोकणातल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे निपल तारेला धरून बसतात आणि मग चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढणे अशक्य होते. ताण तपासण्यासाठी प्रत्येक तार बोटाने छेडावी. तबलजी जशी सगळी घरे एका सुरात आणतो, तशा एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात आल्या पाहिजेत. शेवटी शेजारच्या तारांच्या जोड्या मुठीत घट्ट दाबून चाक पुन्हा एकदा तपासावे. या एका कामाचा आळस केला, तर पहिल्याच शंभर किलोमीटरमध्ये आउट येतो.

लहान चाकांच्या खऱ्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चार सेंटीमीटर उंच कड आली, तर लहान चाक तिला मोठ्या चाकापेक्षा अधिक उभ्या कोनात जाऊन भिडते. साध्या सायकलीवर आपण खड्डा दिसताच सीटवरून उठतो आणि हात-पाय तो धक्का झेलतात. रिकम्बंटवर उठताच येत नाही. पाठ टेकलेली असते, म्हणून शरीराचे पूर्ण वजन धक्क्यासह चाकावर येते. यावर सर्वांत स्वस्त उपाय रुंद टायरचा आहे. आपल्या रस्त्यांसाठी 40 मिलिमीटरपेक्षा अरुंद टायर घेऊ नये, आणि फोर्कमध्ये व मडगार्डखाली जागा असेल तर 47 किंवा 50 घ्यावा. 47 मिलिमीटरच्या टायरचे वीस इंची चाक एका किलोमीटरला सुमारे 640 फेरे घेते, तर 28 मिलिमीटरच्या टायरचे मोठे चाक सुमारे 470. म्हणून लहान चाकाचा टायर आणि हबमधल्या गोळ्या लवकर झिजतात, हे गृहीत धरूनच चालावे. पसरणीसारख्या लांब उताराच्या घाटात रिमवर ब्रेक लावणाऱ्यांनीही सावध राहावे. लहान रिममध्ये धातू कमी असतो, ती लवकर तापते आणि तिच्यासोबत ट्यूबही. डिस्क ब्रेक असल्यास ही चिंता उरत नाही.

आता मुख्य विनंतीकडे येतो. लेखासोबतच्या कोष्टकात चाकाचे माप नुसते ‘20 इंच’ असे छापले आहे. वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिम एका मापाच्या नसतात. एकीत टायर बसण्याचा व्यास 406 मिलिमीटर असतो, तर दुसरीत 451. एकीचा टायर दुसरीवर कोणत्याही युक्तीने बसत नाही. मी स्वतः एकदा ‘20 इंच’ एवढेच सांगून टायर मागवला आणि 451 चा आला. टायरच्या बाजूवर ‘47-406’ असे आकडे कोरलेले असतात; त्यातला दुसरा आकडा पाहूनच खरेदी करावी. नव्याने सायकल घेणाऱ्याने शक्यतो 406 च निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 451 हलके आणि किंचित मोठे असले, तरी त्यात रुंद टायर फारसे मिळत नाहीत. 406 हे बीएमएक्सचे, बऱ्याच घडीच्या सायकलींचे आणि लहान मुलांच्या रुंद टायरच्या सायकलींचे माप आहे. दोन वर्षांपूर्वी 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीत), वीस तासांची मुदत डोक्यावर असताना, माझी जवळची शेवटची ट्यूब फाटली, तेव्हा वाईच्या बाजारपेठेतील एका छोट्या दुकानात मुलांच्या सायकलीची ट्यूब मिळाली आणि मी वेळेत पोहोचलो.

लहान चाके म्हणजे मंद सायकल, हा समजही त्या लेखात डोकावतो. फ्रान्सिस फोर याने 1933 साली पॅरिसमध्ये शार्ल मोशेच्या रेलून चालवायच्या सायकलीवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापून तोवरचा विक्रम मोडला होता, आणि त्या सायकलीची चाके लहानच होती. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या.

आपल्या पुढील पुरवणीत कोष्टक दुरुस्त करून इंचांसोबत मिलिमीटरचे मापही छापावे, ही विनंती. मी स्वतः बांधलेल्या त्या चाकावर आजवर नऊ हजारांहून अधिक किलोमीटर झाले असून एकही तार तुटलेली नाही. कोणाला ते पाहायचे असल्यास मी आनंदाने दाखवीन.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक, पुणे