‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’चे श्रेय कोणाकोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शतकातील लोकप्रिय इंग्रजी गाण्यांविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून जे लेख येतात, त्यांत ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’चा उल्लेख हमखास असतो आणि ‘सायमन व गारफंकल यांचे गाणे’ एवढ्यावर तो संपतो. हा उल्लेख चुकीचा नाही, परंतु फार अपुरा आहे, आणि जी नावे त्यात गळतात त्यांच्यावाचून हे गाणे घडलेच नसते, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

या अमेरिकन गायक-जोडीतील पॉल सायमन यांनी हे गाणे १९६९ मध्ये लिहिले. त्या काळात ते ‘स्वान सिल्व्हरटोन्स’ या कृष्णवर्णीय गॉस्पेल (म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीत गाणाऱ्या) गायकवृंदाच्या तबकड्या सतत ऐकत होते. या वृंदाच्या १९५९ मधील एका ध्वनिमुद्रणात, ‘मेरी, डोन्ट यू वीप’ हे पारंपरिक भक्तिगीत गाताना, मुख्य गायक क्लॉड जीटर मध्येच स्वतःची एक ओळ घालतात: माझ्या नावावर विश्वास ठेवशील, तर खोल पाण्यावरचा तुझा पूल मी होईन. सायमन यांच्या गाण्याचे बीज या एका ओळीत आहे, आणि त्यांनी स्वतः ते पुढे मोकळेपणाने मान्य केले. जीटर हे वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींत काम केलेले गृहस्थ. १९३८ च्या सुमारास खाणकामगारांना सोबत घेऊन त्यांनी आपला वृंद उभा केला होता. सायमन यांनी त्यांना पैसे दिले आणि १९७३ मध्ये ‘टेक मी टू द मार्डी ग्रा’ या आपल्या गाण्यात त्यांच्याकडून गाऊनही घेतले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ऋण मानणे आणि ते फेडू पाहणे ही त्या व्यवसायातली सर्रास आढळणारी रीत नव्हे.

दुसरे नाव पियानोवादक लॅरी नेक्टेल यांचे. सायमन यांनी चाल गिटारवर बांधली होती. आर्ट गारफंकल यांच्या आवाजासाठी तिची पट्टी आपल्या पेटीच्या हिशेबाने पांढरी पाचवरून काळी दोनवर नेण्यात आली, आणि गिटारच्या जागी चर्चमधल्या गायनाला शोभेल असा पियानो उभा करण्याचे काम लॉस एंजेलिसमधील स्टुडिओत नेक्टेल यांनी केले. गाण्याच्या आरंभीचे ते संथ, भरदार पियानोवादन काढून टाकले, तर पहिली दोन कडवी कशाच्या आधारावर उभी राहतील? सायमन यांनी तेवढी दोनच कडवी लिहिली होती. गाणे आणखी मोठे व्हावे, असा आग्रह गारफंकल आणि ध्वनिमुद्रक रॉय हेली यांनी धरला, तेव्हा तिसरे कडवे स्टुडिओत लिहिले गेले. हॅल ब्लेन यांचे ड्रम्स आणि तंतुवाद्यांचा मेळ त्या कडव्याला ज्या उंचीवर नेतात, तिथे पोहोचण्यासाठी आधीचा सगळा संयम राखलेला आहे, हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवते. तरीही ते कडवे आधीच्या दोहोंशी पुरते एकजीव झालेले नाही, असे माझे मत आहे; खुद्द सायमन यांनाही तशी शंका वाटत असे.

जानेवारी १९७० मध्ये गाणे प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमी पुरस्कारांत वाद्यसंयोजनाच्या पुरस्कारात नेक्टेल यांचाही वाटा होता आणि ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार हेली यांना मिळाला. म्हणजे ज्यांची नावे आपण वगळतो, त्यांची दखल त्या काळीच घेतली गेली होती.

वारशाविषयी बोलायचे, तर सर्वांत आधी अरेथा फ्रँकलिन यांचे नाव घ्यावे लागेल. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात मागचा गायकवृंद आणि त्या स्वतः यांच्यात गॉस्पेल पद्धतीची सवाल-जवाबासारखी देवघेव चालते, आणि जीटर यांच्या परंपरेतून निघालेली ओळ त्याच परंपरेत परत येते. मला स्वतःला हेच ध्वनिमुद्रण सर्वांत जवळचे वाटते. सप्टेंबर २००१ मधील न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर दूरचित्रवाणीवरून झालेल्या मदतनिधीच्या कार्यक्रमात सायमन यांनी हे गाणे एकट्याने गायले; २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर पीडितांच्या मदतीसाठी अनेक कलावंतांनी मिळून ते नव्याने ध्वनिमुद्रित केले. संकटात सापडलेल्या शहरांना हेच गाणे का आठवते, याचे उत्तर मला जीटर यांच्या ओळीतच दिसते. तिथे दुःखाचे वर्णन नाही, सोबतीचे वचन आहे.

आकाशवाणीवर मराठी भावगीत लागण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगण्याची प्रथा आपण ऐकत आलो आहोत. परदेशी गाण्यांवर लिहितानाही तीच काटेकोर वृत्ती ठेवायला हवी. जीटर आणि नेक्टेल हे दोघेही २००९ मध्ये निवर्तले. यापुढे या गाण्याविषयी आपल्या वृत्तपत्रात मजकूर येईल, तेव्हा त्यात निदान या दोघांची नावे असावीत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा