जुन्या मराठी चित्रपटांच्या डिस्कवर त्यांचा सातबारा छापा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जुन्या चित्रपटांच्या रिस्टोर केलेल्या प्रतींवर मूळ साधन आणि एन्कोडिंगचा तपशील छापणे सक्तीचे करण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे प्रभातच्या ‘संत तुकाराम’च्या तीन प्रती आहेत. पहिली दोन चकत्यांची व्हीसीडी. दुसरी डीव्हीडी, तिच्यावर आणखी दोन चित्रपट कोंबलेले. तिसरी अलीकडे मिळालेली फाइल, तिच्या सुरुवातीलाच ‘एचडी, डिजिटली रिस्टोअर्ड’ अशी पाटी झळकते. गेल्या महिन्यात गाथा इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग मी या तिन्ही प्रतींत एकापाठोपाठ एक लावून पाहिला. व्हीसीडीत पाणी नाहीच, राखाडी चौकोनांची फरशी आहे आणि ती दर अर्ध्या सेकंदाला उसळते. डीव्हीडीत चौकोन लहान होतात, पण तुकोबांचा हात हलला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा उमटतात. आणि रिस्टोअर्ड म्हणवणाऱ्या फाइलीत नदी मेणकापडासारखी गुळगुळीत झाली आहे. तिच्यावर लाट नाही, चमक नाही. तुकोबा झालेल्या पागनिसांच्या कपाळावरची आठी गेली, गालावरचे खुंट गेले, आणि चौकटीचा वरचा भाग कापल्यामुळे काही ठिकाणी डोकेही गेले.

हाच प्रसंग मी अनेक वर्षांपूर्वी पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात पडद्यावर पाहिला होता. ३५ मिलिमीटरची ती प्रिंट जुनी होती, सुरुवातीला तिच्यावर ओरखड्यांचा चांगला पाऊस पडत होता. पण पाणी पाण्यासारखे होते. फिल्मवरच्या चांदीच्या कणांची ती बारीक सळसळ साऱ्या चित्रभर जिवंत होती आणि तुकोबांचा चेहरा माणसाचा होता. गाथा तेरा दिवसांनी पाण्यातून कोरडी वर आली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती कथा ज्या चित्रपटाने १९३६ साली घराघरांत नेली, ज्याची १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत निवड झाली, तो चित्रपट माझ्या घरातल्या टीव्हीवर मात्र असा बुडलेला आहे. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

‘रिस्टोअर्ड’ हा शब्द आज बाजारात कुणीही, कशावरही छापू शकतो. त्याला अर्थ येतो तो दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर. ही प्रत कशावरून काढली? आणि ती डिस्कवर किंवा फाइलीत बसवताना किती व कशी दाबली?

पहिला प्रश्न साधा आहे. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून जतनासाठी काढलेली मास्टर पॉझिटिव्ह दुसरी, त्यावरून काढलेली ड्यूप निगेटिव्ह तिसरी, आणि थिएटरात फिरलेली प्रिंट चौथी. झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्समध्ये अक्षरे कशी जाड होत जातात, तसेच इथे होते. दर पिढीला बारकावे थोडे पुसले जातात, काळे अधिक काळे होते आणि पांढरे फटफटीत. आपल्याकडच्या कित्येक डिस्क तर प्रिंटवरूनही काढलेल्या नाहीत. कधीकाळी दूरचित्रवाणीसाठी प्रिंटवरून काढलेली बीटा टेप, तिच्यावरून डीव्हीडी, आणि मग तीच डीव्हीडी सॉफ्टवेअरने ताणून ‘एचडी’. डीव्हीडीच्या चित्रात फार तर ७२० बाय ५७६ ठिपके असतात. फुल एचडीला १९२० बाय १०८० लागतात. मधले लाखो ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, आणि हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला तर तो अंदाज इतका धीट होतो की मागे उभ्या असलेल्या वारकऱ्याला नवेच डोळे आणि नवेच दात फुटतात. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तो वारकरी तसा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब कागदावर मांडता येतो. दोन थरांच्या डीव्हीडीवर साडेआठ जीबी माहिती मावते. त्या एका चकतीवर सव्वादोन तासांचे तीन चित्रपट घातले, की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम २.८ मेगाबिट येतात, आणि त्यातच आवाजही. डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ पर्यंत मुभा आहे. १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ एकटा ठेवला असता तर त्याला साडेआठच्या आसपास मिळाले असते. म्हणजे सरळ तिप्पट. व्हीसीडीत चित्रासाठी असतात सेकंदाला १.१५ मेगाबिट. ब्लू-रेवर हाच आकडा चाळीसपर्यंत नेता येतो. पाणी, धूर, धूळ, झाडाची पाने, दिंडीतली गर्दी ही एन्कोडरची, म्हणजे चित्र दाबून बसवणाऱ्या सॉफ्टवेअरची, खरी परीक्षा असते, कारण तिथे दर चौकटीत सगळेच बदलते. फिल्मचे कणही तसेच. जागा कमी पडली की एन्कोडर आधी कण खातो, मग पाणी, मग चेहरा. ते लपवण्यासाठी कंपन्या आधीच नॉइज रिडक्शनने कण पुसून टाकतात. मग चित्र कमी जागेत सुखाने बसते आणि माणसे मेणाची होतात. कण हा मळ नाही. चित्र कणांचेच बनलेले आहे. ते पुसले की कणांबरोबर चित्रच जाते.

आवाजाची एक गोष्ट गाणाऱ्या माणसाला लगेच कळेल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीची टेप किंवा व्हीसीडी २५ ने चालते. सोपा मार्ग म्हणून चित्रपटच थोडा वेगाने पळवतात. १३१ मिनिटांचा चित्रपट १२६ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते. पांढरी एकमध्ये म्हटलेला अभंग काळी एकच्या जवळ जातो. माझ्या व्हीसीडीवर ‘आधी बीज एकले’ अशा चढ्या पट्टीत आहे. शांताराम आठवल्यांची ही रचना लोकांना थेट तुकोबांचीच वाटली, इतकी ती मुरली. तिची पट्टी बदलणे मला तरी चालत नाही. आणि पाच मिनिटे कमी भरली की आणखी एक घोळ होतो. चित्रपट पळवला आहे की मधला एखादा प्रसंग कापला आहे, हे घड्याळावरून कळत नाही. वेष्टनावर तर एक अक्षरही नसते.

चौकटीचे तर विचारूच नका. तो काळ जवळपास चौकोनी पडद्याचा, १.३७ ला १ असा. तो टीव्हीच्या १६:९ च्या रुंद पडद्यावर ‘भरून’ दाखवायचा म्हणजे उंचीचा जवळपास चौथा हिस्सा कापायचा. नाहीतर ताणायचा, मग सगळेच आडवे वाढतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर प्रेक्षक तक्रार करतो, असे एका डिस्कवाल्याने मला सांगितले. प्रेक्षकाला ‘संपूर्ण चौकट’ एवढे दोन शब्द वेष्टनावर वाचायला मिळाले, तर तो करणार नाही.

हे प्रामाणिकपणे करता येते, आणि करून दाखवलेले आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. अमेरिकेतल्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हने त्या जळक्या रिळांनाही टाकून दिले नाही. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये हातांनी सुमारे हजार तास काम करून त्या स्कॅन होण्याजोग्या केल्या. २०१५ मध्ये त्रयी पुन्हा आली तेव्हा सगळे उघड सांगितले गेले. ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून, उरलेला इतर साधनांवरून. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह वापरण्याजोगी नव्हती, म्हणून तो मास्टर पॉझिटिव्ह आणि ड्यूप निगेटिव्हवरून. हे कळल्यामुळे चित्रपटाची किंमत कमी झाली नाही. एखादे दृश्य मवाळ दिसले तर ते तसे का, हे पाहणाऱ्याला समजते आणि तो दोष कुणाच्या माथी मारत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण ‘मंथन’चे. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली काढलेला हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोर केला आणि २०२४ मध्ये तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. मूळ निगेटिव्ह आपल्या पुण्यातल्या संग्रहालयात होती. आवाज मात्र फाउंडेशनने सांभाळलेल्या एका प्रिंटवरून घेतला. श्याम बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी यांच्या देखरेखीखाली काम झाले. रंग ठरवणारी माणसे बरोबर असणे फार मोलाचे असते, आणि ती माणसे आता वर्षावर्षाने कमी होत आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या मराठी रंगीत चित्रपटांचे छायालेखक, संकलक, ध्वनिलेखक यांच्यापैकी जे आहेत त्यांना आत्ता, या वर्षी बोलवावे लागेल.

साधन हाताशी असते तोवरच ‘कशावरून’ या प्रश्नाला उत्तर असते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळे गेली. जी उरली आहेत त्यांतल्या ॲसिटेट फिल्मचे डबे उघडले की व्हिनेगरचा आंबूस वास येतो. एकदा तो वास नाकात गेला की माणूस विसरत नाही. तो वास म्हणजे रीळ आकसत चालल्याची खूण.

केंद्राने २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २,२०० चित्रपटांच्या रिस्टोरेशनसाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. त्या कामातून आलेली ‘श्यामची आई’ २०२३ च्या इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, दाखवली गेली. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणाऱ्या या मराठी चित्रपटासाठी मला त्याचा फार आनंद झाला. महोत्सवातला खेळ पाहणारे काही शे असतात. घरी, शाळेत, ग्रंथालयात जी प्रत पोचेल, तीच मराठी माणसाची ‘श्यामची आई’ ठरणार आहे. ती नीट पोचावी, एवढी माझी तळमळ आहे. ते अभियान आपल्या अखत्यारीत नाही, हे मला माहीत आहे. पण मराठी चित्रपटांपुरता आग्रह राज्याने धरला तर त्याला वजन येते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर तर तो आग्रह धरायलाच हवा.

आपल्या अखत्यारीत जे आहे ते असे. राज्याच्या तिजोरीतून, महामंडळामार्फत किंवा अनुदानातून ज्या जुन्या चित्रपटाच्या जतनाला किंवा प्रकाशनाला एक रुपयाही जाईल, त्याच्या करारात एक अट घालावी. डिस्कच्या वेष्टनावर आणि फाइलीच्या आरंभी पुढील गोष्टी मराठीत लिहिल्या पाहिजेत. चित्र कोणत्या साधनावरून घेतले आणि ते कुणाकडे आहे, आवाज कशावरून घेतला, स्कॅन किती रेझोल्यूशनचा होता, चौकटीचे प्रमाण आणि वेग काय, कण पुसले का, एन्कोडिंगचा कोडेक (दाबण्याची पद्धत) कोणता व सरासरी बिटरेट (सेकंदाला मेगाबिट) किती, आणि किती मिनिटांचा भाग मिळाला नाही. याला मी चित्रपटाचा सातबारा म्हणतो. जमीन घेताना आपण उतारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. शेतकरी बियाण्याची पिशवी घेतो तेव्हा तिच्यावर उगवणशक्तीची आणि शुद्धतेची टक्केवारी छापलेली असते, कारण १९६६ च्या कायद्याने ती सक्तीची केली आहे. ती टक्केवारी छापल्याने बियाणे महाग झाले नाही. इथेही दहा ओळींच्या छपाईला खर्च येत नाही. ही माहिती काम करणाऱ्या लॅबकडे असतेच, फक्त ती आमच्यापर्यंत येत नाही.

हक्कांची अडचण पुढे केली जाईल. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात चित्रपटाला प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचे संरक्षण आहे. म्हणजे ‘श्यामची आई’ चित्रपट म्हणून २०१४ च्या आरंभीच मुक्त झाली, आणि ‘संत तुकाराम’ तर त्याच्याही कितीतरी आधी. गीत-संगीताचे हक्क वेगळे चालू असू शकतात, ते विधी व न्याय विभागाकडून एकेका चित्रपटापुरते तपासून घ्यावे लागतील. काम किचकट आहे. पण याच मोकळीकीमुळे आज कुणीही कशावरूनही काढलेली प्रत विकतो, आणि तीच ‘संत तुकाराम’ म्हणून घराघरांत बसते. चांगली प्रत काढण्याची जबाबदारी कुणाची नाही, अशा चित्रपटांच्या बाबतीत ती शासनाने घ्यावी. दहा चित्रपटांनी सुरुवात करावी. जिथे मूळ निगेटिव्ह किंवा मास्टर पॉझिटिव्ह हाती आहे, असे दहा. एका डिस्कवर एकच चित्रपट, पूर्ण चौकट, मूळ वेग, कण शाबूत. त्या प्रती राज्यातल्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयांना द्याव्यात, आणि परदेशातली मराठी मंडळे मागतील तर त्यांनाही मिळाव्यात.

या पत्रासोबत तीन छापील चौकटी जोडल्या आहेत. तिन्ही गाथेच्या प्रसंगातल्या, एकाच क्षणाच्या, माझ्या तीन प्रतींतून घेतलेल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, विशेषतः पाणी. चौथ्या चौकटीसाठी कागदावर जागा कोरी ठेवली आहे. पुण्याच्या संग्रहालयात या चित्रपटाचे जे सर्वांत चांगले साधन असेल, त्यावरून तोच क्षण स्कॅन करून तिथे चिकटवावा, अशी विनंती आहे.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद,
पुणे