वैमानिकाचा केसपेपर कोरा का राहतो?

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये सव्वीस वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. आमच्या गावाला विमानांचा आवाज नवा नाही. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीने मिगपासून सुखोईपर्यंत विमानं बांधली, गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात. त्यामुळे बारावी सायन्सची पोरं सहज म्हणतात, पायलट व्हायचंय. मग त्यांचे आईवडील दवाखान्यात येऊन आवाज खाली करून विचारतात, "डॉक्टर, ते लहानपणीचं फाइलीतून काढता येईल का?"

'ते' म्हणजे कधी दीड वर्षाचा असताना तापात आलेली आकडी, कधी दमा, कधी दहावीच्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांकडे मारलेल्या चार चकरा. तापातली आकडी आणि फेफरं यांत किती अंतर आहे हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. 'क्लास वन'च्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या मेडिकलला जुने आजार विचारतात आणि एका 'होय'ने पोरगं अनफिट होऊ शकतं, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. निफाडकडच्या एका बापाने द्राक्षबाग गहाण टाकून मुलाला फ्लाइंगला घातलंय. त्याच्यापुढे खरेपणाचं प्रवचन द्यायला माझी जीभ रेटेना. तरी दिलं.

कारण जुना आजार सांगायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने बार्सिलोनाहून निघालेलं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये मुद्दाम डोंगरावर घातलं. 150 माणसं गेली. त्याचा जुना नैराश्याचा आजार नियामकांना ठाऊक होता. आजार उलटल्याचं मात्र त्याने दडवलं. डॉक्टरांनी कामावर जाऊ नको म्हणून लिहून दिलेल्या चिठ्ठ्या घरात फाडलेल्या सापडल्या. मला त्या फ्रेंच चौकशी अहवालातली वेगळी गोष्ट टोचते. लायसन्स गेलं तर उत्पन्न बुडेल, ही धास्ती लपवण्यामागे असते, असं अहवालाने नोंदवलं. ही द्राक्षबागेचीच गोष्ट झाली.

साहेब, आपण तालमीत घाम गाळलाय. मल्ल दुखरा खांदा वस्तादापासून कधी लपवतो? सांगितलं की कुस्तीतून नाव कापलं जाणार, हे ठाऊक असतं तेव्हा. वस्ताद 'दोन महिने थांब, मग पुन्हा लढ' म्हणणारा असेल, तर तो स्वतःहून खांदा दाखवतो. अमेरिकेने 2010 मध्ये नैराश्यावरची चार औषधं घेणाऱ्या वैमानिकांना, तब्येत स्थिर असल्याची खात्री करून, उडायची वाट मोकळी केली. आपल्या डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, 2023 मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था करायला सांगितलं. चांगलं केलं. पण आपलं बोलणं कंपनीपर्यंत जाणार नाही असा भरवसा नसेल, तर तिथे तोंड उघडणार कोण?

माझं मागणं मोठं नाही. कोणत्या आजाराला किती दिवस जमिनीवर राहावं लागतं आणि फेरतपासणी किती दिवसांत होते, हे साध्या मराठीत छापा, आणि ती मुदत डीजीसीएनेही पाळावी. स्वतःहून सांगून तात्पुरता अनफिट झालेल्याचा त्या काळातला पगार किंवा विमा सक्तीचा करा. एवढं केल्यावर जो लपवेल त्याच्यावर खुशाल कडक कारवाई करा, मी टाळ्या वाजवीन. आणि आम्हा डॉक्टरांचंही पाहा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाची गुप्तता राखायला सांगतो, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर अपवादही देतो. पण असा रुग्ण समोर बसलेला असताना फोन कुणाला करायचा, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

हे लिहायचं कारण एकच. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला, दवाखाना बंद करताना, एक वैमानिक मुंबईहून गाडी चालवत आला. आई इथे राहते, वडील नुकतेच गेलेले. झोप येत नव्हती. केसपेपर नको, पैसे रोख, फक्त गोळ्या द्या म्हणाला. मी नाव लिहायला पेन उचललं आणि तुमच्या मेडिकलच्या डॉक्टरांना सांगा म्हटलं. तो हसला. "डॉक्टर, तुमची झोप उडाली तर तुमचा दवाखाना बंद होत नाही," म्हणाला आणि उठला.

नंतर तो आला नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आता शेजारची मुलगी येते.

आपला,
नाशिकचा एक फॅमिली डॉक्टर