ब्रेक सुटला, डॉक्टर मॅडम

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

मी तुमचा चार नंबर बेडचा पेशंट, कळव्याचा. डिस्चार्जच्या दिवशी सर्जन सरांना पेढे दिले, सिस्टरना दिले, मावशींना दिले. तुमची चौकशी केली तर तुम्ही थिएटरमध्ये होतात, आणि तेवढ्यात आमची रिक्षा आली. ते राहून गेलेलं तीन महिने मनाला लागून आहे. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांसमोर लिहितोय, कारण भूलतज्ज्ञाने पेशंटसाठी काय काय केलं ते त्याच्या घरच्यांनाही नीट कळत नाही. आमच्या नातेवाईकांत अजूनही सगळे विचारतात, ‘सर्जन कोण होते?’ तुमचं नाव कोणी विचारत नाही.

माझ्या मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर आला. पण खरं सांगू, मला गाठीपेक्षा ऑपरेशननंतरच्या दिवसांची धास्ती होती. अकरा वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटून माझं पोट उघडलं होतं, दुसऱ्या एका रुग्णालयात. तेव्हा सहा दिवस आतडं हललं नाही. पोट नगाऱ्यासारखं तट्ट, नाकातून नळी, हिरवं पाणी बाटलीत पडतंय, आणि दुखतंय म्हणून खोकायची सोय नाही. दुखण्याचं इंजेक्शन मागितलं की तासभर झोप लागायची, उठल्यावर पोट आणखी फुगलेलं. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न, ‘वारा सरला का?’ आणि रोज माझं तेच उत्तर, नाही. ते सहा दिवस मी विसरलेलो नाही, आणि पुन्हा तेच व्हायचं म्हणून सही करताना माझा हात थरथरत होता.

आदल्या संध्याकाळी तुम्ही आलात, स्टूल ओढून बसलात. पहिला प्रश्न विचारलात, ‘काका, नोकरी काय केलीत?’ मी म्हटलं, ‘रेल्वेत, कळवा कारशेडला, लोकलच्या ब्रेकचं काम.’ मग तुम्ही माझ्या फाइलमधला एक कोरा कागद काढून त्यावर आतडं काढलंत, पाठीचा कणा काढलात आणि म्हणालात, ‘मग तुम्हाला समजावणं सोपं आहे.’

तुम्ही सांगितलंत ते असं. आतड्याला दोन बाजूंनी नसा येतात. छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांतून येणाऱ्या नसा आतड्याची हालचाल थोपवतात, तो ब्रेक. मेंदूतून खाली उतरणारी व्हेगस नावाची नस, आणि अगदी खालच्या मणक्यांतून येणाऱ्या काही नसा, आतड्याला चालवतात. पोट कापलं, आतडं हाताळलं की वेदनेमुळे आणि धक्क्यामुळे ब्रेक जोरात लागतो. त्यात दुखणं थांबवायला मॉर्फिनच्या जातीची औषधं रक्तातून दिली, तर ती आतड्याच्या भिंतीवरही काम करतात आणि त्याला आणखी सुस्त करतात. एपिड्युरलमध्ये बारीक नळी पाठीतून मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच्या जागेत ठेवायची आणि तिथे बधिर करणारं औषध पातळ करून थेंबाथेंबाने सोडायचं. त्याने वेदना तर थांबतेच, ब्रेकच्या नसाही शांत होतात. व्हेगस त्या वाटेने येतच नाही, त्यामुळे ती मोकळी राहते.

मॅडम, शेडमध्ये आम्ही याला ब्रेक बाइंडिंग म्हणतो. ब्रेक चिकटलेला असताना गाडी ओढली की चाक घासतं, धूर निघतो. मोटरला कितीही जोर लावा, उपयोग नाही. आधी ब्रेक सोडवायचा असतो. तुम्ही ते इतकं माझ्या कामाच्या भाषेत सांगितलंत की अकरा वर्षांपूर्वी माझ्या पोटात काय झालं असेल, ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा समजलं.

आणि तुम्ही फक्त चांगलं तेवढं सांगितलं नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. रक्तदाब खाली जाऊ शकतो, अंगाला खाज सुटू शकते, लघवीला अडचण येते, पाय जड वाटू शकतात, काही जणांत नळी नीट लागू पडत नाही. क्वचित मणक्याजवळ रक्त साचणं किंवा संसर्ग असे गंभीर प्रकार होतात, म्हणून रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनची वेळ काटेकोर पाळावी लागते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असतं तर कदाचित एपिड्युरल सुचवलंच नसतं, तिथे त्याचा फायदा तेवढा दिसत नाही, हेही सांगितलंत. माझी आतडी आधीच्या ऑपरेशनमुळे एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे पोट उघडावंच लागणार होतं. माझ्या मुलीने विचारलं, ‘याने आतड्याच्या जोडाचा टाका गळायचा धोका कमी होतो का?’ तुम्ही म्हणालात, ‘नाही, त्यात फरक पडल्याचं दिसलेलं नाही.’ तिने नंतर शोधून वाचलं. २०१६ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने, बऱ्याच चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष तुमच्या बोलण्याशी जुळणारा होता. पोटाच्या ऑपरेशननंतर, मॉर्फिनसारख्या औषधांच्या तुलनेत, एपिड्युरलने आतडं साधारण १७ तास लवकर चालू होतं. १७ तास ऐकायला थोडे वाटतात. ज्याचं पोट फुगलेलं आहे त्याला विचारा.

सोमवारी सकाळी थिएटरमध्ये टेबलाच्या कडेला बसवलंत. उशी पोटाशी धरायला दिलीत, ‘हनुवटी छातीला, मांजरासारखी पाठ बाहेर काढा.’ एक चटका लागला, मग नुसता दाब. प्रत्येक वेळी आधी सांगत होतात, आता गार लागेल, आता टोचेल, आता हलू नका. नळी खांद्यापर्यंत चिकटवून आणलीत, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याएवढी बारीक.

आता त्या रात्रीचं. दोनच्या सुमाराला डाव्या कुशीत कळ यायला लागली. उजवी बाजू शांत, डावी पेटलेली. सिस्टरने फोन केला. मला वाटलं, फोनवरच एखादं इंजेक्शन सांगाल. तुम्ही आलात. स्पिरिटचा बोळा घेतलात आणि आधी माझ्या कपाळाला लावून विचारलंत, ‘हे गार लागतं ना? असंच लागलं की सांगा.’ मग पोटावर, बरगडीखालून एकेक बोट खाली, उजवीकडे, डावीकडे. उजवीकडे फक्त स्पर्श कळत होता, डावीकडे पूर्ण गार. कुशीवर वळवलंत, पाठीची पट्टी सोडवलीत, नळी सेंटीमीटरभर मागे ओढलीत, पुन्हा चिकटवलीत, थोडं औषध दिलंत. आणि गेला नाहीत. स्टूलवर बसून दर पाच मिनिटांनी बीपी बघत राहिलात, मध्येच तोच बोळा डाव्या कुशीला लावत होतात. वीसेक मिनिटांनी डावीकडचं गार लागणंही थांबलं. तेव्हा मला खोकायला सांगितलंत. मी भीतभीत खोकलो, आणि मॅडम, दुखलं नाही. अकरा वर्षांपूर्वी सहा दिवसांत जे जमलं नाही ते पहिल्याच रात्री जमलं. माझे डोळे भरून आले होते, तुम्हाला ते दिसलं असेल.

मंगळवारी खुर्चीत बसवलं, घोटघोट पाणी, चहा, चघळायला च्युइंग गम. माझ्या बायकोला पटेना, टाके ओले आणि हे गम काय खातायत! तुम्ही तिलाही समजावलंत की चघळल्याने आतड्याला जेवण येतंय असं वाटतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात ही दिशा दाखवली, असं म्हणालात. वेदना नीट थांबवा, पेशंटला लवकर खायला द्या, लवकर चालवा, हे सगळं एकत्र करा. एकट्या एपिड्युरलने काही होत नाही, चालायचं काम तुमचंच, असं बजावलंत. संध्याकाळी चालायला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपी ९० च्या खाली गेलं होतं. तुम्ही सलाइन वाढवलंत, एपिड्युरलचं औषध सोडणाऱ्या पंपाचा वेग कमी केलात, पाय उचलून दाखवायला लावलेत. तासाभराने पुन्हा उठलो आणि वॉर्डच्या दारापर्यंत जाऊन आलो.

बुधवारी पहाटे पाच वाजता पोटात गुरगुरलं आणि वारा सरला. शेडमध्ये ब्रेक सुटला की सिलिंडरमधली हवा बाहेर पडल्याचा आवाज येतो आणि फिटरचा जीव भांड्यात पडतो. त्या पहाटे माझं तेच झालं. बायको खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तिला हलवून उठवलं आणि सांगितलं. तिने आधी देवाला हात जोडले, मग सिस्टरला बोलवायला धावली. चाळीस तास झाले होते. नाकात नळी घालायची वेळच आली नाही.

गुरुवारी सकाळी नळी काढायला तुम्ही स्वतः आलात. रात्री रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन किती वाजता दिलं ते सिस्टरला विचारलंत, चार्टवर बघून खात्री केलीत, बारा तास होऊन गेलेत म्हटल्यावर मगच हात लावलात. नळी निघाल्याचं मला कळलंही नाही. तिचं टोक माझ्यासमोर धरून म्हणालात, ‘बघा काका, पूर्ण आलंय.’ आमच्याकडेही काढलेला पार्ट पूर्ण आहे ना, हे बघितल्याशिवाय काम संपत नाही. चाळीस वर्षं मी हे इतरांना शिकवलं, म्हणून त्या एका गोष्टीची किंमत मला फार वाटली.

आता केमो चालू आहे, चार आवर्तनं झाली. बरं नसेल त्या दिवशी घरात, नाहीतर रोज संध्याकाळी तलावपाळीला येऊन मासुंदा तलावाला एक फेरी मारतो. मागच्या आठवड्यात खारेगावातल्या आमच्या एका शेजाऱ्याला आतड्याचंच ऑपरेशन सांगितलं. तो विचारायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, सर्जनला जे विचारायचं ते विचार, पण आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटायचंय असंही सांग, आणि ऑपरेशननंतर दुखणं कशाने थांबवणार, आतडं लवकर चालू व्हायला काय करणार, ते त्यांनाच विचार. मग तुमचा तो कागद दाखवला. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढून नेला.

कागद माझ्याकडेच आहे, फाइलमध्ये पहिल्या पानाला लावलाय. पुढच्या महिन्यात तपासणीला येईन तेव्हा तुम्ही थिएटरमध्ये असलात तरी थांबेन.

तुमचा,
चार नंबर बेड
कळवा, ठाणे