गाळात मीठ आधीपासूनच आहे, त्याचं काय?

संपादक साहेब, नमस्कार,

ठाणे खाडीतल्या गाळात अमुक धातू 'सापडला नाही' अशी बातमी आली की घणसोली-ऐरोलीतली मंडळी खूश होतात, पण मी रबाळे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये बरीच वर्षं आर्क स्पेक्ट्रोचं (म्हणजे विजेच्या आर्कमध्ये सॅम्पल जाळून, त्याच्या प्रकाशातल्या रेषांवरून धातू ओळखायचं) काम केलंय म्हणून लिहितोय, हे 'सापडला नाही' प्रकरण एवढं सोपं नसतं हो.

आर्कमध्ये काय करतात, तर ग्रॅफाइटच्या कांडीला खळगा असतो, त्यात सॅम्पलची पूड दाबून भरायची आणि डीसी आर्क लावायचा. कॅडमियम, झिंक पहिल्या काही सेकंदांत उडून जातात, झिर्कोनियम, टंगस्टन मात्र शेवटपर्यंत तळाशी चिकटून. पुडीत सोडियमसारखा सहज आयन होणारा धातू असला की आर्कचं टेंपरेचर उतरतं, मग कॅडमियम-झिंकसारखे चमकायला जास्त ऊर्जा लागणारे असतात त्यांची लाइन, म्हणजे प्रकाशातली त्या धातूची खास रेषा, फिकी पडते आणि काहींची उलट उजळते, शिवाय क्लोराइड असलं तर काही धातू लवकर वर येतात. आता खाडीचा गाळ म्हणजे खारा, हे दोन्ही त्यात फुकट मिळतं! आणि तुलनेसाठीचं, धातूचं प्रमाण आधीच माहीत असलेलं स्टँडर्ड मात्र बिनमिठाच्या स्वच्छ पुडीचं. जुळणार कसं?

म्हणून सॅम्पल आणि स्टँडर्ड दोन्हीत लिथियम कार्बोनेट आणि ग्रॅफाइट पावडर भरपूर खलतात, इतकी की गाळातलं मीठ कमी-जास्त असलं तरी आर्कला फारसा फरक पडू नये, वरणात आधीच पुरेसं मीठ असलं की चिमूटभर इकडेतिकडे कळत नाही तसं. यात सॅम्पल पातळ होतं आणि डिटेक्शन लिमिट, म्हणजे दिसू शकेल असं कमीत कमी प्रमाण, वर जातं, ती किंमत आहेच. आणि ते कार्बोनेट स्वतः शुद्ध हवं, नाहीतर त्यातलंच कॅल्शियम गाळाच्या नावावर, त्यामुळे ब्लँक, म्हणजे गाळ न घालता नुसतं मिश्रण, जाळल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नये.

मुद्दाम मिसळलेला पदार्थ आणखी एका कामी येतो, १९४६ साली स्क्रिबनर आणि मुलिन यांनी युरेनियम ऑक्साइडमध्ये २ टक्के गॅलियम ऑक्साइड घालून अशुद्धी त्याच्या वाफेबरोबर वर काढल्या, हजारो लाइनींचं युरेनियम खळग्यातच राहिलं, नाहीतर त्या गर्दीत बोरॉन दिसणार कुठे.

आता आर्कच्या जागी आयसीपी (तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मावर चालणारं यंत्र) आलंय, पण मिठाचा त्रास तिथेही आहेच, कमी आहे एवढंच. तर विनंती अशी की पुढच्या बातमीत 'सापडला नाही'च्या शेजारी किती पीपीएमच्या खालचं दिसत नव्हतं आणि स्टँडर्ड खारं होतं का, एवढं लॅबला विचारून छापा.

एक वाचक, ऐरोली