डेकचा एक फोटो खालूनही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी लाकडी डेक, म्हणजे उघड्यावरचा फळ्यांचा ओटा, कसा बांधावा यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो देखणे आहेत. पॉलिश कोणतं, छटा कोणती, कुंड्या कुठे मांडायच्या, सगळं आलंय. फळ्यांखालच्या सांगाड्याला मात्र जेमतेम दीड ओळ मिळाली आहे. मी सुतारकाम करतो. हल्ली नवे डेक बांधण्यापेक्षा जुने उचकटायचीच कामं जास्त येतात, म्हणून हे पत्र.

उचकटताना बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. वरून फळी ठणठणीत, पॉलिशही शाबूत. उलटी केली की जिथे ती खालच्या कडीवर, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडावर, टेकलेली होती तेवढाच पट्टा काळा पडलेला. त्यात स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत जातो. वीतभर बाजूला टोचून बघा, टोक बोथट होईल पण आत शिरणार नाही. फळी एकच, झाडही एकच. फळी आणि कडी यांच्या मधल्या चिमटीत पाणी साचून राहिलं, वाऱ्याला तिथे शिरायला जागा नव्हती, आणि बुरशीने तेवढंच खाल्लं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर या बुरशीचं काही चालत नाही. उघड्यावरची फळी भिजणारच. ती लवकर वाळेल अशी बांधणी करणं आपल्या हातात असतं. कडीच्या माथ्यावर पाणी न शोषणारी पट्टी चिकटवायला फारसा वेळ लागत नाही. डेकखाली हवा खेळती ठेवायला तर काहीच लागत नाही. तरी लोक चारी बाजूंनी शोभेच्या पट्ट्या मारून तो बंद करतात!

‘फट दिसू नये म्हणून फळ्या घट्ट बसवा’ हा लेखातला सल्ला कृपया मागे घ्यावा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आटतं. वाळलेल्या फळ्या खेटून बसवल्या तर पाऊस लागताच एकमेकींना रेटतात, कडा उचलतात, स्क्रू सैल होतात. चार-पाच मिलिमीटर फट हवीच. कुजू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड अजून ओलं असेल तर गोष्ट वेगळी. ते खेटून बसवलं तरी वाळताना आपण होऊन फट पडते. हातातलं लाकूड कितपत वाळलंय हे बघूनच हे ठरवायचं.

‘सागवान आहे, काही होत नाही’ हेही वाक्य फार ऐकायला मिळतं. सागाचा मधला गडद गाभा टिकतो, हे खरं. बाहेरचा पांढरट भाग कुठल्याच झाडाचा टिकत नाही, सागाचाही नाही. फळी विकत घेताना तिची कड बघा, ती पांढरी असेल तर दुसरी मागा. आणि फळी कापली की कापलेलं टोक तसंच सोडू नका. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडतात आणि बाजूंच्या मानाने कितीतरी भराभर पाणी ओढतात. औषध पाजलेल्या लाकडातही औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. म्हणून प्रत्येक नव्या कापाला पुन्हा औषध लावायचं. यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, त्याच्या संगतीत साधा लोखंडी स्क्रू भराभर गंजतो. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, नाहीतर जस्ताचा जाड थर चढवलेले.

पॉलिशबद्दल थोडक्यात. वार्निशचा थर उन्हापावसात तडकतो, त्याखाली पाणी शिरतं, आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं. तेल आत मुरतं, पुन्हा लावायचं झालं तर धुऊन वरूनच लावता येतं. काहीच लावलं नाही तर फळी करडी होते. तो फक्त वरचा पातळ थर असतो. मला स्वतःला तो रंग आवडतो.

गच्चीवर डेक करणाऱ्यांनी स्लॅबला भोक पाडू नये. वॉटरप्रूफिंग एकदा फोडलं की गळती कुठून होतेय हे डेकखाली शोधणं महाकठीण. सांगाडा नुसता टेकवलेला असावा, आणि पाणी जाण्याच्या तोंडावरचा भाग झाकणासारखा उचलता यावा. जमिनीवरचा खांबही काँक्रीटमध्ये गाडू नका, लोखंडी बुटावर, म्हणजे खांबाच्या तळाशी बसणाऱ्या लोखंडी बैठकीवर, उभा करा.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या उंच डेकविषयी. तो घराच्या भिंतीला धरून उभा आहे. भिंतीला लावलेली ती आडवी तुळई नुसत्या खिळ्यांवर असेल तर धोका आहे. भार आला की खिळे भिंतीतून उपसून येतात, आणि भार येतो तो नेमका घरात माणसं जमल्यावर. तिथे बोल्टच हवेत. कठड्याचे खांबही वरच्या फळीला स्क्रूने न धरता खालच्या कडीला आरपार बोल्टने आवळलेले असावेत. फोटोत बोल्ट दिसत नाहीत. फोटोच्या कोनामुळेही तसं वाटत असेल, पण घरमालकांनी एकदा खाली उतरून बघावं, एवढा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवावा, ही विनंती.

आपला,
एक सुतार वाचक