भरतीच्या वेळी पक्ष्यांनी जायचं कुठे? वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. खाडीकाठी दुर्बीण घेऊन हिवाळा काढणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्याचा फार आनंद झाला होता. त्याच कामाचा राहिलेला भाग आपल्याकडे मागायला हे पत्र लिहीत आहे.

अभयारण्यात खाडीचं पाणी, चिखल आणि तिवरं आली. पण इथे थंडीत उतरणारे पक्षी दिवसाचा अर्धाच वेळ त्या हद्दीत राहू शकतात. सुकती म्हणजे ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यावर चरायला रोहित (फ्लेमिंगो), मलगुजा, शेकाट्या, तुतवार यांचे थवे उतरतात. पाणी चढू लागलं की तोच चिखल बघता बघता बुडतो. छोटा टिलवा चिमणीएवढा पक्षी, सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून आलेला. त्याची तंगडी जेमतेम बोटभर. भरतीच्या पाण्यात तो उभा राहणार कसा? तिवरांच्या दाटीत या पक्ष्यांना बसता येत नाही. त्यांना उघडी, उथळ, चहूकडून शत्रू दिसेल अशी पाणथळ जागा लागते.

अशा जागा काठावरच आहेत. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूची तळी, नेरुळ-सीवूड्सकडचे, शेजारच्या संस्था-वसाहतींच्या नावांनी ओळखले जाणारे डीपीएस, एनआरआय आणि टीएस चाणक्य हे पाणथळ भाग, उरणकडे पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत निघते, हा कोळ्यांचा हिशेब आम्हीही वापरतो. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणजे भरती साधारण सव्वाअकराला, दुपारी बाराच्या जरा अलीकडे. त्या वेळी पाणज्याच्या कडेला उभं राहिलं की खाडीवरून थव्यामागून थवे येताना दिसतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांची ही विश्रांतीची वेळ. पुढे मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेचा प्रवास करायचा तर अंगावर चरबी साठवावी लागते, आणि दर भरतीला जागा शोधत घिरट्या घालाव्या लागल्या तर खाल्लेलं सगळं उडण्यातच खर्च होतं.

महोदय, या जागा बुजवायला डंपर लागतातच असं नाही. भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद केली तरी पुरतं. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, मिटली, नळाखाली गाळ साचला, मध्ये भराव पडला, की पाणी एक तर आटतं नाही तर साचून कुजतं. जमीन कोरडी पडली की कागदावर तिला पाणथळ म्हणायलाही कुणी तयार होत नाही. पाणज्याला पाण्याच्या वाटा अडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. डीपीएस तलावाचंही तेच झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मरून पडले तेव्हा कुठे सरकारी पातळीवर धावपळ झाली. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. हा निर्णय फार चांगला होता, आणि म्हणूनच तो एका तलावावर थांबू नये.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६अ मध्ये यासाठी सोय आहेच. अभयारण्याला लागून असलेली शासकीय जमीन, स्थानिक लोकांशी चर्चा करून, संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित करता येते. मालकी बदलत नाही. ही चर्चा मात्र खरोखर व्हावी. पाणज्याच्या आसपासच्या गावांमधले लोक भरतीच्या पाण्यावर कोळंबी आणि मासळी धरत आले आहेत, आणि कुठली वाट कधीपासून बंद आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. पाण्याची वाट मोकळी झाली तर पक्ष्यांइतकाच त्यांचाही फायदा आहे.

आता जवळच विमानतळ झाला आहे, तेव्हा पक्षी इथून हटलेलेच बरे, असं काही जण म्हणतात. तळी आटली म्हणून खाडी सोडून पक्षी जाणार नाहीत, कारण त्यांचं अन्न खाडीच्या चिखलात आहे. बसायला जागा नसलेला थवा हवेत जास्त वेळ राहतो आणि कुठेही उतरायला बघतो. विमानांच्या सुरक्षेसाठीसुद्धा त्यांची ठरलेली जागा शाबूत राहिलेली बरी.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. डीपीएससोबत बाकीच्या भरती-थाऱ्यांचाही, म्हणजे भरतीच्या वेळी पक्षी थांबतात त्या जागांचाही, प्रस्ताव वन्यजीव मंडळापुढे एकत्र मांडावा. आणि तो मंजूर होईपर्यंत न थांबता प्रत्येक ठिकाणच्या पाण्याच्या वाटा तपासून मोकळ्या करण्याचा लेखी आदेश द्यावा. पाऊस लागला की त्या चिखलात काम करता येत नाही, आणि ऑगस्टपर्यंत तुतवार परत येऊ लागतात. आदेश मार्चमध्ये निघाला तर मे संपायच्या आत काम उरकता येईल.

आपला नम्र,
ठाणे खाडीकाठचा एक पक्षीनिरीक्षक